माशीवरची चमक

आमच्या बाबांना दिसत नाही, हे अख्ख्या गल्लीला दिसत होतं. दिसत नव्हतं ते फक्त बाबांना आणि त्यांच्या नेमबाजी क्लबाला.

मी मुलगी आहे, मी बोलणारच. खुंटीवर टांगलेल्या रेनकोटला "या, बसा" म्हणणाऱ्या माणसाला काय म्हणायचं? चहा कपाऐवजी कपाशेजारी ओतायचा आणि वर मलाच विचारायचं, "कप इथून कुणी हलवला?" डोळ्यांच्या डॉक्टरनं तर स्वच्छ सांगितलं होतं. "उजव्या डोळ्यात मोतीबिंदू चांगला पिकलाय, डावाही त्याच वाटेवर आहे. आता थांबू नका. आत दाब वाढला तर नजर जाईल, आणि तशी गेलेली नजर परत आणता येत नाही." यावर बाबा काय म्हणाले? "पिकलाय ना? मग पडेल आपोआप."

जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या या माणसानं. अंधाऱ्या खड्ड्यात दोरावर लोंबकळत पाने फिरवले, खाली कधी पाहिलं नाही. पण डोळ्याला हत्यार लागणार म्हटल्यावर आमच्या वाघाची शेळी झाली. त्यांच्या मोठ्या बहिणीचा, माझ्या आत्याचा, एक डोळा फार पूर्वी ऑपरेशनमध्येच गेला होता. तेव्हाची औषधं वेगळी, हत्यारं वेगळी, पण भीतीला ते कोण समजावणार? आत्याचं नाव त्यांनी माझ्यासमोर एकदाही काढलं नाही. मला एवढंच म्हणाले, "डोळ्याला काही झालेलं नाही. माशीवर चमक येते."

तर ही माशी म्हणजे काय ते आधी सांगते. छर्ऱ्याच्या पिस्तुलाच्या नळीच्या टोकावर एक एवढासा काळा दांडा उभा असतो, त्याला म्हणायचं माशी. आपल्या बाजूला एक खाच असते. खाचेच्या मधोमध माशी धरायची, माशीच्या डोक्यावर टार्गेटचा काळा गोळा ठेवायचा, श्वास रोखायचा आणि घोडा ओढायचा. संपलं शास्त्र. फक्त माशी काळीकुट्ट हवी. वापरून वापरून ती घासली गेली की आतलं लोखंड उघडं पडतं आणि बंद हॉलमधल्या ट्यूबलाइटचा उजेड नेमका तिच्या टाळूवर पडतो. टाळू चमकली की वरची कड दिसेनाशी होते, माशी बुटकी वाटते, माणूस नळी उचलतो आणि छर्रा वर जातो. हे सगळं खरं आहे हो. बाबांची खोड हीच, की ते थाप मारताना शेजारचं एखादं खरं उसनं घेतात.

क्लब भरायचा दर रविवारी, एका गाद्यांच्या दुकानाच्या तळघरात. दुकानाचा मालक गादीवाला स्वतः नेमबाज होता. आवाज वर जाऊ नये म्हणून त्यानं भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या होत्या, त्यामुळे आत गेलं की माणसाला पहिल्यांदा जांभई यायची. बाबा, गादीवाला आणि एक दातांची डॉक्टर, अशी तिघांची टीम. चौथे सेक्रेटरीसाहेब. ते स्वतः पिस्तूल धरत नसत, नियम धरत. मी बाबांना गाडीतून पोचवायची आणि बाकावर बसून गिऱ्हाइकांच्या पडद्यांना दुमड घालायची. माझं पडद्यांचं दुकान आहे, हात रिकामे ठेवायची मला सवय नाही.

या क्लबाचा एक नियम होता आणि त्या नियमानंच सगळा घोळ केला. फार पूर्वी तिथल्या एका सभासदानं माशी चमकते म्हणून तक्रार केली होती. बाकीचे फिदीफिदी हसले, म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. नंतर कुणीतरी नीट पाहिलं, तर माशी खरंच चमकत होती. तोवर उशीर झाला होता. तो माणूस रागानं अर्धा क्लब घेऊन नदीपलीकडे गेला आणि तिथे दुसरा क्लब काढून बसला. तेव्हापासून इथे ठरलं, माशीबद्दल नेमबाजाचा शब्द अखेरचा. तो म्हणाला चमक आहे, म्हणजे आहे. त्याच्या डोळ्यामागून दुसऱ्या कुणाला बघता येत नाही, तेव्हा शंका घ्यायची नाही. आणि अंगणाची ती म्हण तळघरात उच्चारायलासुद्धा बंदी. माझ्या जिभेच्या टोकावर ती म्हण किती रविवार नाचली असेल, ते माझं मला ठाऊक.

बाबांनी तक्रार केली आणि क्लब कामाला लागला. पहिला उपाय परंपरेनं चालत आलेला, काजळी. गादीवाल्याकडे रॉकेलची एक चिमणी होती. तिच्या धुरावर माशी धरायची, काजळी धरली की माशी अशी काळी होते की उजेड तिच्यात बुडून जातो. गादीवाल्यानं धरली. बाबांनी एक डोळा मिटून पाहिलं. "अजून चमकतेय." पुन्हा धरली. "अजून." चिमणीची वात मोठी करा, अजून मोठी करा असं करत करत तळघरात एवढा धूर झाला की तो जिना चढून दुकानात गेला. वर गादीवाल्यानं नुकताच आगीचा भोंगा आणि छतातून पाणी फवारणारं यंत्र बसवलं होतं. दोन्ही उत्तम चालतात हे त्या दिवशी सिद्ध झालं. नवीन लग्न झालेलं एक जोडपं गादीवर पडून ती मऊ आहे का बघत होतं, ते गादीसकट भिजलं. मला वाटलं, आता गादीवाला बाबांना हाकलणार. वर धावलेला तो पायजमा पिळत खाली आला आणि हात जोडून म्हणाला, "काका, चमक गेली का?"

"नाही रे," बाबा म्हणाले.

धूर बंद झाला. मग सेक्रेटरीसाहेबांनी काळं मार्कर पेन लावलं. मार्करची शाई वाळली की जांभळी झळकते, हे त्यांना तेव्हा कळलं. मग त्यांनी बुटाचं पॉलिश लावलं आणि हाताच्या सवयीनं वर फडकंही मारलं. माशी अशी लखलखली की तिच्यात बघून भांग पाडावा. साहेबांना भांग पाडायला काही शिल्लक नव्हतं, ही गोष्ट वेगळी. शेवटी दातांच्या डॉक्टरनं आपल्या दवाखान्यातून एक काळा कागद आणला. नवीन दात बसवला की तो कागद चावायला देतात, म्हणजे दात कुठे टेकतो ते कळतं. तिनं तो माशीवर हलक्या हातानं घासला. मी स्वतः जवळ जाऊन पाहिलं. माशी कोळशासारखी झाली होती, चमकेचा लवलेश नाही.

बाबांनी पिस्तूल उचललं. त्यांचा हात अजून दगडासारखा स्थिर, ते मात्र कबूल केलं पाहिजे. बराच वेळ पाहून ते म्हणाले, "आहे. थोडी वाढलीच आहे."

मी उठले. पडदा फेकला बाकावर. "सेक्रेटरीसाहेब, ती चमक माशीवर नाही, त्यांच्या डोळ्यात आहे. मोतीबिंदू आहे त्यांना. डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलंय."

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात चप्पल घालून आलेय. "ताई, तुम्ही त्यांच्या डोळ्यामागे उभ्या आहात का?"

"सहा महिने त्यांच्या मागे उभी राहून माझे पाय दुखायला लागलेत!"

"ते घरी. इथे नेमबाजाचा शब्द अखेरचा. आणि तुम्ही तर नेमबाज नाही."

मी म्हटलं, असं का? मग करा मला सभासद, आत्ताच्या आत्ता. केलं. त्यांच्याकडे सभासद करायला कधी कुणी नाही म्हणत नसे, कारण कधी कुणी येतच नसे. मी बाबांचं पिस्तूल घेतलं, खाचेतून पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "माशीवर चमक नाही. माझा शब्द अखेरचा."

एकाच माशीबद्दल दोन अखेरचे शब्द, असा पेच त्या क्लबात यापूर्वी आला नव्हता. सेक्रेटरीसाहेब भिंतीवरच्या गादीला टेकून डोळे मिटून विचार करत राहिले. आम्हाला वाटलं झोपले. मग त्यांनी निकाल दिला. "ताईंसाठी चमक नाही. काकांसाठी आहे. माशी एकच, पण चमक ज्याची त्याची. ताई आता सभासद आहेत, त्यांना कापडातलं कळतं आणि उजेड अडवायचा तर कापडच लागणार. तेव्हा आजपासून चमक निवारण समितीच्या प्रमुख, ताई."

टाळ्या वाजल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

घरी जाताना मी गाडीत तोंडाचा पट्टा सोडला. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा बाबा म्हणाले, "हे बघ पोरी, आपण सौदा करू. तू चमक घालव. चमक गेली आणि तरीही माझा नेम चुकला, तर मी तुझ्या त्या डॉक्टरकडे येतो. मग चिरू दे त्याला काय चिरायचं ते."

"शब्द?"

"शब्द."

आता मला सांगा, मी काय करायला हवं होतं? त्यांच्या डोळ्यातला दाब माझ्यासाठी थांबणार नव्हता. दर रविवार वाया जात होता आणि तो माणूस आपल्या नजरेच्या आड माशी घालून बसला होता. म्हटलं, ठीक आहे, तुमची माशीच काढून घेते. क्लबाच्या घोळात मीही पदर खोचून उतरले.

नदीपलीकडच्या क्लबाशी वर्षाची स्पर्धा तोंडावर आली होती, तोवर तळघर काळं करायचं ठरलं. दुकानातून जाड काळ्या कापडाचे तागे आणले, खिडक्यांना लावतात ते, भरदुपारी रात्र करणारे. आधी छत झाकलं. मग नेमबाजांच्या डोक्यावरच्या ट्यूब काढल्या, फक्त समोर टार्गेटवरचे दिवे ठेवले. बाबा म्हणाले, "अजून आहे." मग भिंती झाकल्या, फरशी झाकली, कुठलं टार्गेट कुठल्या लेनचं ते सांगणारे आकडे वर पांढऱ्या पत्र्यावर रंगवले होते, तेही झाकले. "अजून आहे." डॉक्टर पांढरा कोट घालून यायची, तिला काळा झगा शिवला. गादीवाल्याचं घड्याळ काढून घेतलं. मग सगळ्यांची नजर हळूहळू सेक्रेटरीसाहेबांच्या डोक्याकडे वळली. साहेब काय समजायचं ते समजले. "संस्थेसाठी," एवढंच म्हणाले आणि मान खाली घातली. मी त्यांना काळ्या मखमलीची टोपी शिवून दिली, कानांवरून बांधायची. तिच्यात ते एखाद्या तान्ह्या बाळासारखे दिसत, पण दिसत कुठे होते कुणाला?

"अजून आहे," बाबा म्हणाले. अपराध्यासारखे म्हणाले.

शेवटी संशय खुद्द बाबांच्या मिशीवर गेला. मिशी पांढरीशुभ्र, माशीच्या नेमकी मागे. डॉक्टरनं तोच चाव्याचा कागद घेऊन ती काळी केली. पंचाहत्तरीच्या माणसाला कोळशासारखी मिशी! मला हसावं की रडावं कळेना. मी हसले, कारण तिथे कुणाला दिसणार नव्हतं.

अंधाराचे हाल विचारू नका. जिन्यापासून लेनपर्यंत दोरी बांधली होती, ती धरून यायचं, तीच धरून जायचं. गादीवाल्याच्या कपाळावर टेंगूळ, डॉक्टरच्या पायाचा अंगठा सुजलेला. भिंतींना गाद्या होत्या म्हणून बाकीचे वाचले. एका रविवारी सेक्रेटरीसाहेब बराच वेळ गादीच्या एका वळकटीशी चर्चा करत होते आणि शेवटी म्हणाले, "काका, तुमचं म्हणणं समितीला मान्य आहे." कुणीही कुरकुर केली नाही. एका म्हाताऱ्याला चमक दिसते म्हणून चार धडधाकट माणसं आंधळी व्हायला तयार झाली होती. मला त्यांचा संताप यायचा आणि त्यांच्याबद्दल भरूनही यायचं. आपल्या सख्ख्या नातेवाइकांत असा एक दाखवा मला.

स्पर्धेचा दिवस उजाडला. पलीकडचे लोक पांढरे ट्रॅकसूट घालून आले. मी जिन्यावरच उभी होते, एकेकाला काळा झगा चढवत. त्यांचा कॅप्टन आडदांड माणूस, आवाजही तसाच. दोरी धरून खाली आला, डोळे फाडून इकडेतिकडे बघू लागला आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाला, "कुणी गेलं की काय?"

"अजून नाही," अंधारातून सेक्रेटरीसाहेब बोलले. "जाईल आज, अशी आशा आहे."

बाबांना लेनवर नेऊन उभं केलं. सगळे मागे थांबले. हॉलमध्ये समोरच्या टोकाला टार्गेटचे कागद तेवढे उजळलेले, बाकी मिट्ट काळोख. बाबांनी पिस्तूल उचललं. गादीवाल्याचा श्वास मला ऐकू येत होता. डॉक्टर माझा दंड धरून उभी होती, तिची बोटं रुतत होती. बाबांनी पिस्तूल खाली घेतलं, मान जराशी मागे वळवली, जिकडून आमचे श्वास येत होते तिकडे. मग पुन्हा उचललं.

"गेली," ते म्हणाले.

"काय?"

"चमक. गेली."

गादीवाला ढसाढसा रडला. सेक्रेटरीसाहेबांनी टोपी काढली आणि घाईघाईनं पुन्हा घातली. पलीकडच्या कॅप्टननंसुद्धा कारण न कळता टाळ्या वाजवल्या. मी मात्र टाळी वाजवली नाही. मी त्यांची मुलगी आहे. ज्या आवाजात ते माझ्या करपलेल्या भाजीला "छान झालीय" म्हणतात, तोच आवाज होता तो.

स्पर्धा सुरू झाली. फट, फट, फट. बाबा शांतपणे एकेक छर्रा भरत होते, हातानं चाचपून, एकही न सांडता. हात उचलायचे, थांबायचे, घोडा ओढायचे. पाठमोरे बघितले असते तर वाटलं असतं, चाळीस वर्षांचे आहेत. सगळ्यांचं संपल्यावर सेक्रेटरीसाहेब दोरी धरून कागद घेऊन आले आणि बॅटरीच्या उजेडात बघायला लागले.

बाबांचा कागद कोरा होता. कोरा करकरीत, एक भोक नाही. आणि शेजारच्या लेनवर, डॉक्टरच्या कागदावर, छर्ऱ्यांची नुसती गर्दी. तिचे तिला ओळखू आले. बाकीचे सगळे एका वाटीच्या तोंडात मावतील एवढ्या जागेत, मधोमध.

मला कळलं. लेनचे आकडे मीच झाकले होते ना.

"दुसऱ्याच्या टार्गेटवर मारलं की शून्य," पलीकडचा कॅप्टन हळूच म्हणाला. "सगळीकडे तसंच आहे."

"थांबा," सेक्रेटरीसाहेब म्हणाले. "टार्गेट कुठलं, हे नेमबाज कशावरून ठरवतो? माशीवरून. माशीच्या डोक्यावर जे दिसतं ते त्याचं टार्गेट. आणि माशीबद्दल नेमबाजाचा शब्द अखेरचा. काकांनी फक्त म्हणावं, की तेच माझं टार्गेट होतं. मी तसे गुण लिहितो."

असला युक्तिवाद उंटावरचा शहाणासुद्धा करणार नाही. मला वाटलं, आता कॅप्टन उखडणार. तर तो गंभीरपणे मान हलवायला लागला. "शब्द अखेरचा हे तर आम्हालाही मान्य आहे. त्याच शब्दावरून आमचा क्लब निघालाय. त्यांनी म्हणावं, आम्ही ऐकू."

झालं. दोन्ही क्लब हात जोडून बाबांच्या एका शब्दासाठी उभे. "माझंच होतं" एवढं म्हटलं की बाबा जिंकले. चमकही गेलेली, नेमही बरोबर, मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं काय कारण? मी तोंडावर हात ठेवला. ओरडले असते, नाहीतर काय. म्हणा, बाबा, म्हणा एकदाचं आणि बसा आंधळे होऊन, असंच मनात आलं माझ्या.

बाबांनी मिशीवरून हात फिरवला. बोटं काळी झाली, ती त्यांनी झग्याला पुसली.

"डॉक्टर, तुमचं टार्गेट कुठलं होतं?"

"डावीकडचं, काका."

"म्हणजे दोन होती?"

"चार आहेत," ती अगदी हळू म्हणाली.

"अस्सं." बाबा म्हणाले. "मला एकच दिसत होतं. केवढं मोठं! मला वाटलं, यंदा सगळ्यांनी मिळून एकावरच मारायचंय." मग ते आवाजाच्या दिशेनं वळले. "साहेब, शून्य लिहा. चमक गेली नव्हती. तुम्ही सगळे दमला होता, म्हणून म्हटलं."

ते पिस्तूल खाली ठेवून दोरीशी आले. मी त्यांचा हात धरायला गेले, तर झटकला. दोरी धरून स्वतः जिना चढले, गाद्यांच्या रांगांमधून ठेचाळत दुकानाबाहेर आले. बाहेर लख्ख ऊन होतं. मी गाडीचं दार उघडायला पुढे झाले आणि ते फुटपाथवरच थांबले, हाताचा आडोसा कपाळावर धरून.

"इकडे ये. माझ्यासमोर उभी राहा."

राहिले. ऊन माझ्या पाठीवर होतं. त्यांनी डोळे बारीक केले, मान अशी केली, तशी केली, जसं माशीकडे बघायचे तसंच.

"तुझ्या तोंडावर पण आहे गं," ते म्हणाले.

"काय?"

"चमक. वर्ष झालं असेल. तू आलीस हे मी चपलांच्या आवाजावरून ओळखतो. तोंड दिसतच नाही तुझं, नुसता उजेड." त्यांनी काळी बोटं माझ्या गालाजवळ आणली आणि मध्येच थांबवली. "माशीला काळं फासलं, भिंतींना फासलं. आता तुझ्या तोंडाला काय फासू?"

मला रडू फुटलं. रागही तेवढाच आला. भर रस्त्यात, मखमलीचे धागे चिकटलेल्या झग्यात मी उभी, आणि समोर काळ्या मिशीचा हा म्हातारा. "वर्षभर सांगता नाही आलं तुम्हाला? वर्षभर? जीव घ्याल एक दिवस माझा!"

"आवाजावरून तरी धडधाकट वाटतेस," ते म्हणाले. मग अगदी लहान आवाजात विचारलं, "म्हातारी झालीस का गं तू?"

"झाले," मी नाक पुसत म्हटलं. "केस पिकलेत पुढचे सगळे."

"आणि मला कुणी सांगितलं नाही." त्यांनी हात पुढे केला आणि गाडीचं दार चाचपायला लागले. "मग बघायला हवं."